कापड फाडायच्या आधी खिडकी बघा: हॉलच्या पडद्यांचे तुमचे प्रश्न

मागच्या अंकात हॉलच्या पडद्यांबद्दल काय विचारायचं ते विचारा असं म्हटलं होतं आणि पत्रं काय, मेसेज काय, भरपूर आले. त्यातले जवळपास सगळे सुरू होतात ते रंगावरून, सोफा ग्रे आहे तर पडदा कुठला, भिंत पिवळी आहे तर कुठला. रंगाचं मी मुद्दाम शेवटी घेतलंय, कारण पडद्याचं काम रंगामुळं फार कमी वेळा बिघडतं, बिघडतं ते ऊन कुठून येतंय, खिडकी कशी उघडते आणि रॉड कशाला ठोकायचाय हे न बघता आधी कापड फाडून आणल्यामुळं.

ताई, कळंब्याला नवीन फ्लॅट घेतलाय, तिसरा मजला. हॉलला पश्चिमेकडं बाल्कनीचा ९ फुटी स्लायडिंग दरवाजा आहे. दुपारी ३ नंतर सोफ्यावर बसवत नाही आणि टीव्ही तर दिसतच नाही. दुकानदार म्हणतोय ब्लॅकआउट घ्या, मिस्टर म्हणतायत झेब्रा ब्लाइंड लावू, मॉडर्न दिसतं. घरात दीड वर्षाचा मुलगा आहे. काय करू?
एक वाचक, कळंबा, कोल्हापूर

आधी मिस्टरांचं मार्गी लावू. झेब्रा ब्लाइंड खिडकीला ठीक आहे, पण ज्या दारातून कपडे वाळत घालायला, कुंड्यांना पाणी घालायला दिवसभर जा-ये चालू असते त्या दाराला अजिबात नको. पडदा हातानं सारला की झालं, ब्लाइंड प्रत्येक वेळी दोरी ओढून वर घ्यायचा, मग थोड्या दिवसांनी त्याचा कंटाळा येतो आणि तो कायमचा अर्ध्यावर लटकलेला राहतो, सगळे त्याच्याखालून वाकून जातात. शिवाय झेब्रात एक पट्टा कापडाचा आणि एक जाळीचा असे दोन थर एकमेकांवर सरकतात, पूर्ण बंद केला तरी पट्ट्यांच्या कडेनं उजेडाच्या रेघा येतातच, म्हणजे टीव्हीचं रडगाणं तसंच. आणि तिसऱ्या मजल्यावर पश्चिमेचा वारा, स्लायडिंग जरासं उघडं राहिलं तरी खालची पट्टी फ्रेमवर खटाखट आपटत राहणार, दुपारची झोप विसरा.

दोरीचं मात्र चेष्टेवारी नेऊ नका. रांगणारी, नुकती चालायला लागलेली मुलं ब्लाइंडच्या दोरीच्या फासात अडकून दगावलेली आहेत, अमेरिकेत त्याच कारणानं २००९ च्या डिसेंबरात साधारण ५ कोटी रोमन आणि रोल-अप ब्लाइंड परत मागवले होते. तुमच्याकडं दुसऱ्या कुठल्या खिडकीला आधीच ब्लाइंड असतील तर दोरी वरच्या वर गुंडाळून अडकवायला भिंतीत खुंटी मारून घ्या, मुलाचा हात पोचणार नाही एवढ्या उंचीवर, आणि त्या खिडकीखाली सोफा, स्टूल, पाळणा काही ठेवू नका.

आता दुकानदाराचं. ब्लॅकआउट कापड उजेड अडवतं, गरमी अडवेलच असं नाही. ऊन काचेतून आत आलं म्हणजे गरमी घरात आलीच, त्यात पडदा गडद मरून किंवा नेव्ही ब्लू असला तर तो स्वतः तापतो आणि ती धग हॉलमध्येच सोडतो, पाच वाजता अशा पडद्याच्या आणि काचेच्या मधे हात घालून बघा, म्हणजे मी काय म्हणतेय ते कळेल. म्हणून कापड घेताना त्याची पाठ बघा. पाठ पांढरी किंवा सिल्व्हर कोटिंगची पाहिजे आणि ती काचेच्या बाजूला आली पाहिजे, म्हणजे निदान थोडं तरी ऊन आल्या वाटेनं परत जातं, पुढचा रंग मग काय हवा तो ठेवा. पूर्ण ब्लॅकआउटची हॉलला तशी गरजही नसते, दुपारी चारला लाइट लावून बसायची वेळ येते. जाडसर कापडाला मागून पांढऱ्या मांजरपाटाचं अस्तर लावलं तरी टीव्ही स्वच्छ दिसतो आणि ते अस्तर इचलकरंजीच्या सुती कापडात स्वस्तात पडतं.

पण खरी गरमी कमी करायची असेल तर ऊन काचेच्या बाहेरच अडवायला पाहिजे. बाल्कनीच्या कडेला बुरुडाकडून बांबूची चिक करून घ्या, वर गुंडाळायची, तीनला खाली सोडायची आणि दिवस मावळला की वर. सोसायटीवाले बाहेरून एकसारखं दिसायला पाहिजे म्हणून कुरकुर करतात, त्यांना आधी विचारून घ्या. वर छज्जा आहे, मग ऊन कसं येतं असं विचारू नका, छज्जा दुपारी बाराच्या उन्हाला, चार वाजता सूर्य इतका खाली उतरलेला असतो की तो छज्ज्याखालून सरळ आत येतो.

मापाचं एक सांगते. सूर्य रोज बरोब्बर पश्चिमेला मावळत नाही, आपल्याकडं डिसेंबरात तो साधारण २५ अंश नैऋत्येकडं सरकलेला असतो आणि जूनमध्ये तेवढाच वायव्येकडं. चौकटीइतकाच पडदा घेतला तर हिवाळ्यात बाजूच्या फटीतून उन्हाची तिरीप नेमकी सोफ्याच्या एका कोपऱ्यावर पडते आणि तेवढाच पट्टा विटतो. तर दोन्ही बाजूंना ८-८ इंच जादा धरा. म्हणजे साडेदहा फुटाच्या आसपास लांबी झाली, एवढ्या लांबीला रॉड नको, कारण मधे ब्रॅकेट द्यावंच लागतं नाहीतर रॉड पोटात वाकतो, आणि आयलेटचा, म्हणजे रॉड ओवायच्या गोल कड्यांचा, पडदा मधल्या ब्रॅकेटवरून पुढं जात नाही, तिथंच अडतो. सरळ डबल एम-ट्रॅक, म्हणजे पडदे सरकवायची दुहेरी पट्टी घ्या, काचेच्या बाजूला नेटचा पडदा आणि आतल्या बाजूला जाड. फॉल्स सीलिंग करायचं चाललं असेल तर ट्रॅक येणार त्या जागी वर प्लायवूडची पट्टी टाकून घ्यायला आत्ताच सांगा. नुसत्या पीओपीत स्क्रू पिळला तर मुलानं पडद्याला एकदा झोका घेतला की सगळं खाली.

हॉलची खिडकी ६ फूट रुंद आहे, पडदे जमिनीपर्यंत हवेत. कापड मोठ्या फुलांचं आहे. दुकानदारानं १० मीटर सांगितलं, टेलर म्हणतो १२ मीटरच्या खाली जमणार नाही. दोघांपैकी नक्की कोण गंडवतंय?
एक वाचक, राजारामपुरी

कदाचित कुणीच नाही. हिशोब मांडून बघू.

खिडकी ६ फूट, दोन्ही बाजूंना ६-६ इंच जादा, म्हणजे रॉड ७ फूट, ८४ इंच. पडद्याला चुण्या पडायला रुंदी दुप्पट लागते, १६८ इंच झाले. पडद्याच्या कापडाचा पन्ना, म्हणजे कापडाची रुंदी, बहुतेक ४८ इंच असतो, १६८ भागिले ४८ म्हणजे साडेतीन, म्हणून ४ पडदे, दोन डावीकडं दोन उजवीकडं. उंची समजा रॉडपासून फरशीच्या अर्धा इंच वरपर्यंत ८८ इंच. वर आयलेटच्या पट्टीला आणि खाली दुमडायला मिळून १२ इंच. एक पडदा १०० इंच, म्हणजे २.५४ मीटर, आणि चार पडद्यांना सव्वादहा मीटर. प्लेन कापड असेल तर दुकानदार बरोबर, अगदी काटेकोर धरलंय एवढंच, पाव मीटर वाढवून घ्या.

आता तुम्ही पत्रात लिहिलंय की कापड मोठ्या फुलांचं आहे. मोठ्या डिझाइनचं फूल साधारण दर २४ इंचांनी परत येतं समजा. चारी पडद्यांवर फुलं एका ओळीत यायला हवीत तर प्रत्येक तुकडा १०० वर कापून चालत नाही, १२० वर कापावा लागतो, मधले २० इंच वायाच. चार वेळा १२० म्हणजे १२.२ मीटर. टेलरही बरोबर. दुकानात कापड उलगडून एका फुलाच्या देठापासून पुढच्या तशाच फुलाच्या देठापर्यंत टेप लावून बघा, तो आकडा टेलरला सांगा, मग कुणी काही सांगू दे.

टेलरला अजून दोन गोष्टी बजावा. एका पडद्याला आयलेट सम संख्येत पाड, ४८ च्या पन्न्याला ८ ठीक, ७ किंवा ९ नको. सम असले की पडद्याच्या दोन्ही कडा भिंतीकडं वळतात, विषम झाले की एक कड हॉलकडं तोंड करून उभी राहते आणि कितीही सरळ केली तरी ती परत फिरते. दुसरं, खालची दुमड चांगली ५-६ इंचांची ठेव. कॉटन असेल तर पहिल्या धुण्यात ते शंभरात तीन ते पाच टक्के आटतं, ८८ इंचाच्या पडद्यावर म्हणजे अडीच ते साडेचार इंच, फरशीपर्यंतचे पडदे एकदम घोट्यावर येतात. दुमड असली की उसवून खाली सोडता येते. खरं तर शिवायच्या आधीच कापड पाण्यातून काढून वाळवायचं, पण आजकाल एवढा दम कुणाला.

कापड कोल्हापूरजवळच्या गांधीनगरहून घेणार असाल तर होलसेलचा फायदा होतो, फक्त सगळं एकाच ताग्यातून फाडून घ्या आणि वरचं वाढीव कापडही त्याच दिवशी घ्या. नंतर कमी पडलं म्हणून परत गेलात तर त्याच नंबरचं कापड दुसऱ्या लॉटचं मिळतं, दुकानात सेम वाटतं आणि खिडकीत शेजारी शेजारी टांगलं की ओरडून फरक सांगतं.

आमचं मंगळवार पेठेत जुनं घर आहे. सोप्याची, म्हणजे बाहेरच्या खोलीची, खिडकी थेट रस्त्यावर, बसकी, लाकडी चौकट, गजाची, झडपा आत उघडतात. येणारे जाणारे आत डोकावतात. पडदा लावला तर झडपात अडकतो आणि अंधार होतो. नवीन अॅल्युमिनियमची स्लायडिंग बसवावी असं मुलगा म्हणतो.
एक वाचक, मंगळवार पेठ

मुलाला म्हणावं चौकट सागवानी असेल तर हात लावायच्या आधी दहादा विचार कर. आणि स्लायडिंगची कुठल्याही वेळी निम्मीच खिडकी उघडते, तुमची आत्ता पूर्ण उघडते, वारा निम्मा होईल त्याचं काय.

तुम्हाला लांब पडदा नकोच आहे, निम्मा पडदा पाहिजे. रस्त्यावरच्या माणसाची नजर खालच्या निम्म्यातून आत येते, उजेड आणि वारा वरच्या निम्म्यातूनही येतो. जुन्या खिडक्यांना खालच्या झडपांची जोडी वेगळी, वरची वेगळी असते, त्या दोन जोड्या जिथं मिळतात त्या उंचीला, गज आणि झडप यांच्या मधल्या जागेत चौकटीतच पितळी किंवा स्टीलची बारीक कांब बसवा आणि तिच्यावर मलमलीचा पडदा ओवा, खाली चौकटीच्या अंगापर्यंतच. झडपा आत उघडतात, पडदा त्यांच्या बाहेरच्या बाजूला राहतो, अडकायचा प्रश्न मिटला. रस्त्याची धूळ तो पडदा खाणारच, तेव्हा दोन जोड शिवून ठेवा आणि आलटून पालटून धुवा.

एकच पथ्य आहे. पातळ पडदा दिवसा तुम्हाला लपवतो, कारण बाहेर उजेड जास्त असतो. रात्री ट्यूब लावली की उलटं होतं, बाहेरून सगळा सोपा दिसतो आणि आतून बाहेरचं काही दिसत नाही. दिवेलागणीला खालच्या झडपा ओढून घ्यायच्या. फ्लॅटवाल्यांनो, नुसता नेटचा पडदा लावून रात्री निवांत बसणाऱ्या तुम्हालाही हे लागू आहे.

रंकाळ्याजवळ राहतो. दर पावसाळ्यात हॉलच्या पडद्यांना खालून काळे ठिपके पडतात, कुबट वास येतो. कापड बदलून बघितलं, तेच. कुठलं कापड घेऊ?
एक वाचक, रंकाळा परिसर

कापडाच्या मागं लागायच्या आधी खिडकी बघा. ठिपके खालूनच पडतायत म्हणजे पडद्याचा खालचा भाग भिजतोय आणि वाळत नाहीये, ती बुरशी आहे. तुमची अॅल्युमिनियमची स्लायडिंग असणार. तिच्या खालच्या ट्रॅकला बाहेरच्या बाजूनं पाणी जायला बारीक भोकं किंवा खाचा असतात, बोटानं चाचपून बघा, धूळ, मेलेले किडे, प्लास्टरचा चुरा यांनी त्या बुजलेल्या असतात. जूनपासून वाऱ्याबरोबर पावसाची झड पश्चिमेकडून आत येते, ट्रॅकमध्ये साठते, बाहेर जायला वाट नाही म्हणून आतल्या बाजूनं ओघळून कट्ट्यावर येते आणि तिथं टेकलेला पडदा ते पाणी वातीसारखा ओढून घेतो. जुना टूथब्रश आणि एक बारीक तार घेऊन मे महिन्यात ती भोकं मोकळी करा, मग तांब्याभर पाणी ट्रॅकमध्ये ओतून बाहेर पडतंय का बघा. काही ठिकाणी मिस्त्रीनं बाहेरून सिलिकॉन मारताना भोकंच बुजवलेली असतात, तिथं ब्लेडनं कापून काढावं लागतं.

पावसाळ्यात जाड अस्तराचे पडदे काढूनच ठेवावेत असं माझं मत आहे. तेव्हा ऊन तर नसतंच, अडवायचं कशाला. मेच्या कडक उन्हात धुऊन खडखडीत वाळवून, चादरीत बांधून कपाटात वरच्या कप्प्यात, प्लास्टिकच्या पिशवीत नको. जून ते सप्टेंबर नुसते पॉलिस्टरचे पातळ पडदे, कट्ट्याच्या चार बोटं वर राहतील असे. पॉलिस्टर पाणी धरत नाही, पंख्याखाली तासाभरात वाळतं. आयलेट प्लास्टिकचे घ्या, हलक्या प्रतीच्या धातूचे गंजून कापडावर तांबूस कडी उमटवतात.

आत्ता पडलेल्या ठिपक्यांसाठी पडदा आधी गच्चीत नेऊन कोरडा झटका, हॉलमध्ये नको, ती धूळ नाकात जाते. मग पांढरं व्हिनेगर आणि पाणी निम्मं निम्मं करून ठिपक्यांवर लावून थोडा वेळ ठेवा, नेहमीसारखा धुवा आणि उन्हात वाळवा. रंग जातोय का ते आधी आतल्या दुमडीवर बघून घ्या. जुने ठिपके पूर्ण जातीलच असं नाही, वास मात्र जाईल.

सासूबाईंच्या इरकली साड्या आहेत, काही सहावारी काही नऊवारी. नेसणारं कुणी नाही. त्यांचे हॉलला पडदे शिवले तर?
एक वाचक, गडहिंग्लज

शिवा की, पेटीत कसर लागण्यापेक्षा बरं. सहावारी साडेपाच मीटर धरली तर तिच्यात सात फुटी दोन पडदे बसतात, नऊवारीत तीन. काठ लांबीला धावतात म्हणून ते पडद्याच्या दोन्ही उभ्या कडांना आपोआप येतात, वेगळी पायपिन लागत नाही. पदराचं मात्र आधी ठरवा. पदर एकाच टोकाला, म्हणजे दोन पडद्यांपैकी एकाच्याच पायाशी इरकलीचा लाल पदर येणार. दोन साड्या सारख्या असतील तर पदराचे पडदे खिडकीच्या दोन टोकांना आणि बिनपदराचे मधे टांगा, मुद्दाम केल्यासारखं दिसतं.

कापायच्या आधी साडी उलगडून खिडकीसमोर उजेडात धरा. वर्षानुवर्षं ज्या घडीवर ती दुमडलेली होती तिथं धागे विरलेले असतात, उभ्या-आडव्या फिकट रेघा दिसतील. रेघेवर अंगठ्यानं हलकं ताणून बघा, चर्रर्र झालं तर त्या साडीचा पडदा नको, उशीचे अभ्रे करा. पदर रेशमी असेल तर रेशीम उन्हात लवकर कुजतं, म्हणून मागं मांजरपाटाचं अस्तर हवंच, आणि या पडद्यांना पूर्वेची किंवा उत्तरेची खिडकी द्या, पश्चिमेची नको. उत्तरेच्या खिडकीला मेच्या पहिल्या आठवड्यातल्या शून्य सावलीच्या दिवसानंतर, म्हणजे सूर्य भर दुपारी बरोबर डोक्यावर येऊन मग उत्तरेकडं सरकला की, थोडं दुपारचं ऊन लागतं, पण लगेच पावसाचे ढग येतात, काळजीचं कारण नाही. मऊ साडीत थेट आयलेट ठोकू नका, फाटते, वर बक्रमची, म्हणजे कडक कापडाची, पट्टी घालून मग. लाल पदर पहिल्यांदा वेगळा भिजवून बघा, रंग सोडला तर पडदे कायम ड्रायक्लीनलाच.

भाड्यानं राहतो, मालक भिंतीला भोक पाडू देत नाहीत.
एक विद्यार्थी, राजारामपुरी

खिडकीच्या खाचेत दोन भिंतींमधे दाबून बसणारा स्प्रिंगचा रॉड मिळतो, चारेक फुटापर्यंत आणि हलक्या पडद्याला चालतो. प्लास्टर भुसभुशीत असेल तर घसरतो. मालकांना विचारून चौकटीच्या जुन्याच खिळ्यांना पडद्याची स्प्रिंगवायर अडकवलीत तर सगळ्यात स्वस्त काम.

ग्रे सोफा, क्रीम भिंत, पडदा कुठल्या रंगाचा?
बऱ्याच जणांकडून

मी इथून बसून सांगितलेला रंग तुमच्या हॉलमध्ये तसा दिसणार नाही, कारण दुकानात डोक्यावर पांढरेशुभ्र एलईडी असतात आणि पडदा घरी उजेडाच्या पुढं टांगला जातो, उजेड त्याच्या आरपार येतो. दुकानात बेज वाटलेलं कापड सकाळी खिडकीत पिवळट दिसतं, ग्रे निळसर दिसतं. आवडलेल्या दोन-तीन कापडांचं पाव-पाव मीटर विकत घ्या, क्लिपा लावून त्याच खिडकीत टांगा, सकाळी, दुपारी आणि रात्री लाइट लावून बघा. तरी ठरेना तर भिंतीच्याच रंगाचा, एक छटा गडद पडदा घ्या, छोटा हॉल त्यानं मोठा वाटतो आणि उद्या सोफा बदलला तरी पडदे चालतात. मोठी फुलं हवीच असतील तर कुशनला घ्या, १२ मीटरऐवजी २ मीटरमध्ये हौस भागते.